पॉसमसाठी गाडी कोण वळवतं?

शनिवार, ८ मार्च

गेले एकदाचे सगळे! भांडी अजून तशीच पडलीत, पण आधी हे लिहून काढते. उद्यापर्यंत थांबले तर माझी मीच समजूत घालीन की काही झालंच नाही म्हणून.

माझ्या नवऱ्याची, मर्वची सत्तरी. मागच्या हिरवळीवर टेबलं लावली होती. सॉसेज रोल, चीज स्कोन, आणि माझा पाव्हलोव्हा केक, जो नेहमीप्रमाणे मधोमध खचला आणि मी नेहमीप्रमाणे तो खड्डा क्रीमने बुजवला. क्लबातली मंडळी आपापल्या जुन्या गाड्या घासूनपुसून घेऊन आली. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत रांग. ज्याचा वाढदिवस त्याला शुभेच्छा द्यायचं राहिलं बाजूला, पुरुष एकमेकांच्या बॉनेटमध्ये डोकी घालून उभे. तेवढ्या सगळ्यांत बिनगाडीचा एकटा मर्वच. त्याची हंबर गेलं वर्षभर त्याच्या दोस्ताच्या, लॉयडच्या गॅरेजात पडून आहे.

चेष्टामस्करी सुरू केली ती हेमीनेच. तो कधी गप्प बसलाय? म्हणाला, "सत्तर झाली म्हाताऱ्या, आता तुझे सुटे भाग मिळायचे नाहीत." मर्व म्हणाला, तुझे तर भंगारवालासुद्धा उचलायचा नाही. मग गंज, गळणारं तेल, सकाळी स्टार्ट न होणारं इंजिन – दरवर्षी तेच विनोद, दरवर्षी तेवढंच हसणं. मग हेमीने भेट पुढे केली. पॉसमच्या लोकरीचे मोजे! सगळे लोळायचे बाकी राहिले. "हे घे, तू ज्याचा जीव वाचवलास त्याच्या घरच्यांकडून. आता नातवंडंपतवंडं झाली असतील त्याला, तुझ्या नावाने दिवा लावतात."

मर्व हसला. गेलं वर्षभर तो हे एकच हसू वापरतोय, जुना कोट वापरावा तसं.

मग पॉसमवरच गाडी घसरली. कोणाच्या बागेत किती आलेत, कोणाचं अख्खं प्लमचं झाड खाल्लं, कोणाच्या छपरावर धुडगूस. हेमी छाती ठोकून सांगायला लागला की चाळीस वर्षांत त्याने रस्त्यातलं एकही पॉसम चुकवलेलं नाही, उलट चुकून मागे राहिलेल्यासाठी गाडी वळवून परत गेलाय. आणि हे काही त्याचं एकट्याचं नाही. इथे कोणीही तेच करतो. झाडं ओरबाडणारं, पक्ष्यांची अंडी फस्त करणारं ते मांजराएवढं कार्टं रस्त्यात दिसलं की माणूस चाक त्याच्याकडेच वळवतो. हेमीने विचारलं, "पॉसमसाठी गाडी बाजूला घेणारा एक तरी माणूस दाखवा मला." सगळे एका सुरात म्हणाले, "मर्व!"

तेव्हा मर्व हातातल्या मोज्यांकडे बघत म्हणाला, "तरुणपणी बापाबरोबर हिवाळाभर रानात फास लावायचो मी. हाताने मानगुटी मोडायचो. त्या प्राण्यासाठी मी गाडी का वळवली, मलाच कळत नाही."

पुन्हा हशा. पण मी लॉयडकडे बघत होते. तीस वर्षं शाळांच्या नेटबॉल सामन्यांत मी शिट्टी वाजवली आहे. लोक चेंडूकडे बघतात, मी पायांकडे बघते. लॉयडचे पाय टेबलाखाली एकदम मागे सरकले. तो हसला नाही. उठला आणि म्हणाला, चला, ते गोड काय आहे ते वाढा.

लॉयडला मधुमेह आहे. दहा वर्षांत त्याने माझ्या घरी गोडाला हात लावलेला नाही.

रविवार, ९ मार्च

माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

आम्हाला जे सांगितलं गेलं ते असं. गेल्या वर्षी क्लबची सहल होती, किनाऱ्यापर्यंत जाऊन परत. येताना हंबरमध्ये दोघंच, मर्व आणि लॉयड. घाट उतरून खाली आल्यावर, दिवेलागणीच्या सुमाराला, रस्त्यात पॉसम आलं. मर्वने त्याला वाचवायला चाक वळवलं आणि गाडी चरात जाऊन कलंडली. मर्वच्या डोक्याला मार लागला, खांद्याजवळचं हसळीचं हाड मोडलं. त्याला चहाच्या दुकानातून निघाल्याचं आठवतं, त्यानंतर थेट दवाखान्याचं छत. मधलं सगळं कोरं.

म्हणजे ही गोष्ट आली कुठून? एका तोंडातून. लॉयडच्या.

आणि मी मूर्खासारखी वर्षभर ती गिळून बसले! चाळीस वर्षं मी मर्वच्या शेजारी बसून फिरले आहे. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत त्याने पॉसमसाठी गाडी मधल्या रेषेपलीकडे घातली होती – वाचवायला नाही! मी दोन गावं त्याच्याशी बोलले नव्हते. तो माणूस चाक वळवेल, पण त्याच्या अंगावर. ते वाचावं म्हणून? कदापि नाही. सूर्य पश्चिमेला उगवला म्हणा, मानीन एक वेळ.

आणि हसळीचं हाड. मोडलं ते डावीकडचं. पट्टा चालकाच्या उजव्या खांद्यावरून येतो, डाव्या खांद्यावरून येतो तो शेजारी बसणाऱ्याच्या.

हे मला आज सुचतंय! वर्षभर मी त्याच खांद्याला मलम चोळत होते.

मंगळवार, ११ मार्च

लॉयडला सहज म्हणून फोन केला. गाडी कधी होणार? "दाराचं रबर इंग्लंडहून यायचंय अजून." नोव्हेंबरमध्येही हेच रबर यायचं होतं. बोटीने येतंय की पोहत?

गुरुवार, १३ मार्च

मर्वला आडून आडून विचारून पाहिलं. त्या दिवशी चहाच्या दुकानातून निघताना गाडीची चावी कोणाकडे होती? म्हणाला, असेल माझ्याकडेच. लॉयडने कधी तुझी गाडी चालवायला मागितली होती का? म्हणाला, लॉयड कशाला मागेल, त्याच्याकडे स्वतःच्या तीन आहेत. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्या डोक्यात काय शिजतंय, रेविन?" मी म्हटलं, बटाटे. खरंच शिजत होते.

त्याला काही सांगितलं नाही. पुराव्याशिवाय शिट्टी वाजवायची नाही, हा माझा नियम आहे.

पण जीव तुटतो त्याच्याकडे बघून. हा माणूस घाटात एका हाताने गाडी वळवायचा आणि दुसऱ्या हाताने मला द्राक्षं भरवायचा. आता दुकानापर्यंतसुद्धा मीच चालवते, तो शेजारी मांडीवर पिशवी घेऊन बसतो. डॉक्टरांनी कधीच परवानगी दिली आहे. त्याने स्वतःच सोडलं. म्हणतो, "एका पॉसमपायी जो गाडी चरात घालतो, त्याने उद्या एखादं लेकरू चिरडायचं." वर्षभर तो हे मनात घोळवतोय. बागेत जातो, येतो, खिडकीशी बसतो. आज दुपारी म्हणाला, पाण्याच्या टाकीवर पॉसम येऊन बसलंय. मी भांड्यांत गुंतले होते. म्हटलं, बसू दे. दिवसाढवळ्या यायला लागलेत आता, माज आलाय नुसता.

मला माझा नवरा परत हवा आहे. आणि ज्याने त्याला असं खुर्चीत बसवलं, त्याला मी सोडणार नाही.

शनिवार, १५ मार्च

हेमीकडे गेले होते. फेजोआच्या फळांची टोपली घेऊन – या दिवसांत सगळ्यांच्याच झाडाखाली फेजोआचा सडा पडलेला असतो, कोणालाच नको असतात, तरी सगळे एकमेकांना नेऊन देतात. हेमी त्याच्या झेफर गाडीच्या खाली होता. नुसते पाय बाहेर. बरं झालं, पायांशी बोलायची मला सवय आहे.

त्या दिवशी सहलीत तो त्यांच्या मागे होता. बराच मागे, कारण वाटेत त्याचं इंजिन तापलं होतं. तो पोचला तेव्हा हंबर चरात आडवी, मर्व गवतावर हात धरून बसलेला, कपाळावर रक्त. आणि लॉयड?

"लॉयड रस्त्यावर होता."

"रस्त्यावर काय करत होता?"

"बॅटरी घेऊन इकडून तिकडे फिरत होता. काहीतरी शोधत असल्यासारखा. मला बघितल्याबरोबर म्हणाला, या येड्याने पॉसम वाचवायला गाडी घातली बघ. मी अजून गाडीतून उतरलोही नव्हतो."

विचारायच्या आधीच उत्तर तयार! आणि मित्र रक्तबंबाळ होऊन बसलाय, तर हा रस्त्यावर बॅटरीने काय शोधत होता? काय पुसत होता? चाकांच्या खुणा?

हेमीला म्हटलं, तुला काही विचित्र नाही वाटलं? तो गाडीखालून बाहेर आला, तोंडभर काळं तेल. म्हणाला, "वाटलं ना. मर्व आणि पॉसम वाचवतो? पण मग म्हटलं, म्हातारपणी माणूस हळवा होतो. माझी बायको म्हणते मीही झालोय." आणि हसला. हेमी वाईट नाही. पण त्याला एकदा हसायला मिळालं की तो पुढचं बघत नाही.

चावी कोणाच्या हातात होती, हेही विचारलं. बराच वेळ आठवत राहिला. म्हणाला, लॉयडच्या. इंजिन बंद करून काढून घेतली असेल त्याने.

असेल! सगळं 'असेल'वरच चाललंय या गावात.

सोमवार, १७ मार्च

चहासुद्धा न घेता लिहायला बसले आहे.

लॉयड सोमवारी साखर तपासायला शहरात जातो. त्याचं गॅरेज कधीच बंद नसतं. बायको गेल्यापासून घरसुद्धा नसतं. मी स्कोनचा डबा घेऊन गेले. कोणी विचारलंच असतं, तर डबा ठेवायला आले, एवढंच सांगायचं होतं. कोणी विचारलं नाही.

गॅरेजच्या मागच्या भागात हंबर होती, वर मोठं कापड टाकलेलं. मी कापड उचललं.

गाडी तयार आहे. पूर्ण तयार! मडगार्ड, बंपर, काच – सगळं. तो गडद हिरवा रंग असा बसलाय की त्यात मी माझं तोंड पाहिलं, आणि ते काही बघण्यासारखं नव्हतं. डावीकडचं दार उघडून लावून पाहिलं. रबर जिथल्या तिथे, दार बंद होताना आवाजसुद्धा आला नाही. पण खरी गोष्ट तर पुढच्या काचेवर होती. फिटनेसचं स्टिकर, ताजं. म्हणजे हा गाडी रस्त्यावर काढून, तपासणीला नेऊन, पास करून आणून, वर कापड टाकून बसलाय, आणि मला फोनवर इंग्लंडचं रबर सांगतोय.

मी चालकाच्या जागेवर बसून पाहिलं. सीट पुढे ओढलेली होती, मला नीट बसता आलं. मर्वचे पाय लांब, तो सीट मागे ढकलून बसतो. लॉयड माझ्याच उंचीचा.

हो, दुरुस्तीच्या वेळी सरकवली असेल. असेल!

डबा परत घेऊन आले. त्याच्या घशात माझे स्कोन जाऊ देत नाही मी.

मंगळवार, १८ मार्च

मर्वला सांगितलं नाही. लॉयडने मर्वच्या आईच्या शवपेटीला खांदा दिला आहे. असं कसं सांगू, नुसत्या संशयावर?

पण हा संशय नाही आता.

गुरुवार, २० मार्च

आज तो स्वतःच आला. चोराच्या मनात चांदणं.

चहा घेतला, हवेवर बोलला, बागेवर बोलला. मग कप खाली ठेवून मर्वला म्हणाला की गाडीचं काम अजून बरंच आहे, भाग मिळत नाहीत, आणि तू तर आता चालवणार नाहीस म्हणतोस, तर मीच विकत घेतो. भाव तू सांगशील तो.

मी सिंकजवळ उभी होते, त्याच्याकडे पाठ करून. पाठीनेसुद्धा माणूस किती ऐकतो!

मर्व म्हणाला, "ठेव तू. मी काय करणार आहे तिचं?"

एवढंच. अकरा वर्षं खपून त्याने ती गाडी उभी केली. कोंबड्यांच्या खुराड्यातून आणली होती, आत अंडी सापडली होती. तिच्या सीटचं चामडं मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिवलं आहे, बोटं फोडून घेऊन. आणि तो 'ठेव' म्हणाला, वाचून झालेलं मासिक द्यावं तसं.

मी वळून म्हटलं, शनिवारपर्यंत थांब लॉयड, मला विचार करायचाय. त्याने माझ्याकडे पाहिलं. घाबरलेला होता. मला घाबरलेली माणसं ओळखता येतात. मला तेव्हा आनंद झाला, हेही लिहून ठेवते.

तो गेल्यावर मर्व माझ्यावर चिडला. माझ्या गाडीचा विचार तू कशाला करायचा, म्हणाला. म्हटलं, कोणीतरी करायला हवा ना.

शनिवार, २२ मार्च

झालं. बोलून टाकलं.

सकाळीच त्याच्या गॅरेजात गेले आणि काही न बोलता कापड ओढून खाली टाकलं. तो स्टुलावर बसला होता, तसाच बसून राहिला. मी सगळं एका दमात सांगितलं. हाड डावीकडचं. चावी तुझ्या हातात. बॅटरी घेऊन रस्त्यावर तू. विचारायच्या आधी गोष्ट सांगणारा तू. गाडी तयार करून लपवणारा तू, आणि आता ती घशात घालायला निघालेलाही तूच. गाडी तू चालवत होतास लॉयड. आणि माझ्या नवऱ्याला काही आठवत नाही म्हणून त्याच्या माथी मारलंस.

तो म्हणाला, नाही. मर्वच चालवत होता. गाडी डाव्या कुशीवर कलंडली, जुने पट्टे, मर्व वरून माझ्या अंगावर आला, म्हणून डावा खांदा.

उत्तर तयार होतंच! मी म्हटलं, मर्व पॉसमला वाचवेल? हे तू मला सांगतोस? तू त्याला ओळखत नाहीस?

तो हातातलं फडकं घडी करत होता, उलगडत होता.

"वाचवायला नाही वळवली त्याने," लॉयड म्हणाला. "अंगावर घालायला वळवली."

"मग वर्षभर खोटं का बोललास?"

"वाचवायला म्हटलं की लोक हसतात. हसले की पुढचं विचारत नाहीत."

"पुढचं काय?"

"रेविन, मी शेजारीच बसलो होतो. रस्त्याकडेच बघत होतो मी..."

बास, म्हटलं. एक गोष्ट उघडी पडली की दुसरी काढतोस. ती पडली की तिसरी काढशील. आधी वाचवायला, आता मारायला, उद्या म्हणशील पॉसमच गाडी चालवत होतं. तो उठून उभा राहिला, हात पुढे केला, ऐक तरी माझं, म्हणाला. मी नाही ऐकलं. नवी थाप ऐकत बसायला मला वेळ नव्हता. चावी खिळ्यावर लटकत होती ती घेतली, सीट पुढे होतीच, आणि हंबर मी स्वतः चालवत घरी आणली. तो दारात उभा राहून बघत होता. अडवलं मात्र नाही. दोषी माणूस अडवत नाही.

मर्व बाहेर आला. मी खाली उतरून चावी त्याच्या हातात ठेवली आणि सांगितलं, तू काहीही चुकवलं नव्हतंस आणि काहीही वाचवलं नव्हतंस. गाडी तू चालवतच नव्हतास.

तो मडगार्डला टेकून रडला. मी त्याला रडताना दोनदाच पाहिलंय, त्यातलं हे दुसरं.

रविवार, २३ मार्च

लॉयडचा फोन सकाळपासून वाजतोय. उचलत नाही.

मर्व गाडी पुसतोय. पुसलेली पुन्हा पुसतोय. शिट्टी मारत! हेमीला स्वतःहून फोन केला, म्हणाला, ते मोजे परत घेऊन जा, ज्याचे त्याला दे. खूप हसले दोघं. लॉयडचं नाव काढलं नाही. मी विचारलं तर एवढंच म्हणाला, "चूक झाली असेल त्याच्याकडून, भेदरला असेल. मी जाऊन बोलेन त्याच्याशी." असा आहे हा. मी असते तर तोंड बघितलं नसतं.

दुपारी लॉयड फाटकाशी आला. मर्व आत झोपला होता. मी फाटक उघडलं नाही. तो रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. त्याने काही समजावायचा प्रयत्न केला नाही, एवढंच म्हणाला, "उद्या तो गाडी काढणार, मला माहीत आहे. त्याला एकट्याला सोडू नकोस. शेजारी बस. आणि रस्त्याकडे बघत रहा."

मला भीती घालायला आला होता! म्हटलं, चाळीस वर्षं मी शेजारीच बसते आहे, तुझ्याकडून शिकायची गरज नाही. आणि यापुढे या फाटकाशी येऊ नकोस. तो गेला. जाताना एकदा गाडीकडे पाहिलं.

मनात थोडं खुपलं, खोटं कशाला लिहू? वीस वर्षांची मैत्री आहे. पण मर्वची शिट्टी ऐकू आली की ते खुपणं राहत नाही.

उद्या आम्ही नदीपर्यंत जाणार आहोत. मी स्कोन करून ठेवलेत. मर्वने टोपी काढून ठेवली आहे.

सोमवार, २४ मार्च

स्वच्छ ऊन. पुलापलीकडचा सरळ रस्ता, दोन्हीकडे नुसती कुरणं. मर्व सुरेख चालवत होता, हात अगदी पूर्वीसारखे. एकदम म्हणाला, "बघ, बसलंय कसं मधोमध, मस्तवाल!" आणि चाक फिरवलं.

मी चाक धरलं, हँडब्रेक ओढला. चराच्या काठावर थांबलो.

रस्त्यावर काही नव्हतं. मी रस्त्याकडेच बघत होते.

मर्वने मागे वळून पाहिलं. म्हणाला, "लागलं का गं त्याला?"

मी म्हटलं, "निसटलं."

घरी गाडी मी आणली.